कोऱ्या नोंदवहीचा अर्थ

दवाखान्याच्या वार्षिक तपासणीत निरीक्षकांसमोर जी कागदपत्रे मांडली जातात, त्यांत अपघातांची एक नोंदवही असते. सुई टोचली, रक्त डोळ्यात उडाले, रसायनाने हात भाजला किंवा ओल्या फरशीवरून कोणी घसरले, तर त्याची तारीख-वेळेसह नोंद या वहीत व्हावी अशी अपेक्षा असते. वैद्यकीय दवाखान्यांच्या व्यवस्थापनात माझी बरीच वर्षे गेली आणि अशा अनेक वह्या मी स्वतः निरीक्षकांपुढे ठेवल्या. बहुतेक वह्या कोऱ्या असत. पहिल्या पानावर दवाखान्याचे नाव, नीट आखलेले रकाने, प्रत्येक महिन्याच्या अखेरीस ‘निरंक’ असा शेरा आणि त्याखाली सही. निरीक्षक पाने चाळत, मान डोलावत आणि पुढच्या फायलीकडे वळत. वही कोरी म्हणजे दवाखाना सुरक्षित, हा समज इतका सर्वमान्य होता की तो बोलून दाखवण्याचीही कोणाला गरज वाटत नसे. माझे मत याच्या नेमके उलटे आहे. जेथे रोज सुया वापरल्या जातात, तेथील वर्षानुवर्षे ‘निरंक’ राहिलेली वही हा काहीतरी बिघडल्याचा पुरावा मानला पाहिजे, आणि तपासणी त्या वहीपासून सुरू झाली पाहिजे.

यामागे साधे अंकगणित आहे. जगातील सुमारे ३.५ कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३० लाख जणांना दरवर्षी सुईसारख्या धारदार वस्तूच्या जखमेतून रक्तातील विषाणूंशी सामना करावा लागतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये मांडला होता. म्हणजे ढोबळमानाने बारा जणांमागे वर्षाला एक. या आकड्यात मोठी रुग्णालये आली, शस्त्रक्रियागृहे आली, हे मान्य. लहान दवाखान्यातला धोका त्याहून कमी धरला, अगदी निम्मा किंवा चौथा हिस्सा धरला, तरीही दहा-बारा माणसांच्या दवाखान्यात दहा वर्षांत एकालाही सुई टोचली नाही, हे विधान पटण्यासारखे नाही. सुया टोचतच असतात. त्या वहीपर्यंत पोहोचत नाहीत.

त्या का पोहोचत नाहीत, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. दवाखाना बंद व्हायची वेळ होती. ड्रेसिंगच्या खोलीत ट्रॉलीखाली कापसाच्या कचऱ्याची पिशवी होती आणि भिंतीजवळ सुयांचा डबा होता. तो तोंडापर्यंत भरलेला होता आणि त्यातून एका सिरिंजची दांडी बाहेर डोकावत होती. डब्यात जागा नाही हे पाहून दिवसभरात कोणीतरी एक सिरिंज सुईसकट खालच्या पिशवीत टाकली होती. सफाई करणाऱ्या मावशींनी पिशवीची गाठ मारली, उचलली आणि पायाला टेकवून जिन्याकडे निघाल्या. दोन पावलांवर थबकल्या. पिशवीतून आलेली सुई पोटरीत शिरली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली, नळाखाली पाय धरला, कापसाचा बोळा दाबला. सिस्टर म्हणाल्या, ‘मावशी, साबणाने नीट धुवा, काही होत नाही.’ आणि मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘सरांना सांगू नका.’ त्या मोठ्या डॉक्टरांविषयी बोलत होत्या. सुई कोणत्या रुग्णाची होती, हे कोणालाच सांगता येणार नव्हते. मावशींना कावीळ-बची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस मिळालेली नव्हती, कारण त्या कंत्राटदाराकडून येत आणि लसीची यादी दवाखान्याच्या पगारपत्रकावरून तयार झाली होती. मी सांगितले नाही. त्या महिन्याच्या अखेरीस वहीत ‘निरंक’ लिहिणारा हात माझाच होता.

या प्रसंगात दुष्ट असे कोणीच नव्हते, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो. सिस्टर चांगल्या होत्या, डॉक्टर रुग्णांत आदराने ओळखले जाणारे होते आणि सुरक्षेची फाइल तर आदर्श म्हणावी अशी होती. त्या फायलीत धारदार कचऱ्याविषयी चार पाने होती. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलावा, हा जगभर मान्य असलेला नियमही त्यात होता. पण डबा बदलणे हे कोणाचे काम, नवा डबा कोणत्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे, हे त्या चार पानांत कुठेच नव्हते. नियमाची पूर्तता झाली होती, डबा मात्र भरलेलाच होता. पूर्तता आणि सुरक्षा यांच्यातले अंतर मी जेव्हा जेव्हा पाहिले, तेव्हा ते असेच किल्लीएवढे लहान होते.

वैद्यकीय इतिहासातली एक प्रसिद्ध कथा या संदर्भात वेगळ्या बाजूने वाचावीशी वाटते. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले बाळंतिणींचे मृत्यूचे प्रमाण जूनपर्यंत २ टक्क्यांच्या आसपास आले, हे आपण नेहमी ऐकतो. रुग्णसुरक्षेची पहिली मोठी लढाई म्हणून ही कथा सांगितली जाते. पण झेमेलवाइस यांना ती जाणीव झाली कशी? त्यांचे मित्र आणि न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागली आणि त्या जखमेतून झालेल्या संसर्गाने ते मार्च १८४७ मध्ये मरण पावले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना झेमेलवाइस यांना बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या शरीरातले बदल आठवले, आणि दोन्ही मृत्यूंचे कारण एकच असले पाहिजे हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे हात धुण्याची ही प्रथा ज्या घटनेतून आली, ती कामाच्या ठिकाणी धारदार वस्तूने झालेली जखम होती. ती लपवली गेली नाही, तिचा अहवाल लिहिला गेला आणि तो कोणीतरी लक्षपूर्वक वाचला. कोलेच्का प्राध्यापक होते म्हणून हे घडले, अशी शंका मला आल्यावाचून राहत नाही. त्याच खोलीतल्या झाडूवाल्याच्या बोटाला सुरी लागली असती, तर अहवाल लिहिला गेला असता का?

मोठ्या रुग्णालयात निदान संसर्ग-नियंत्रणाचा स्वतंत्र विभाग असतो, कर्मचाऱ्यांची संघटना असते आणि तक्रार कोणाकडे करायची हे ठरलेले असते. लहान दवाखान्यात मालक, नियोक्ता, वैद्यकीय सल्लागार आणि सुरक्षा अधिकारी ही चारही पदे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. ज्याच्या व्यवस्थेतल्या त्रुटीमुळे सुई टोचली, त्याच्याकडेच जाऊन ती टोचल्याचे सांगायचे असते. शिवाय ती व्यक्ती डॉक्टर असल्यामुळे तिला हे सगळे आधीच कळते, असे सगळे धरून चालतात. हे गृहीतक मला चुकीचे वाटते. आजाराचे निदान करण्याचे शिक्षण वेगळे आणि कचऱ्याच्या पिशवीचा ड्रेसिंगच्या खोलीपासून गाडीपर्यंतचा प्रवास आखण्याचे शिक्षण वेगळे. पहिले मिळाले म्हणून दुसरे आपोआप येत नाही.

कायद्यालाही ही लहान जागा नीट दिसत नाही. अमेरिकेतला नियम या विषयावरचा सर्वांत तपशीलवार नियम समजला जातो. तेथील कामगार सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे ओशाने, रक्तातून पसरणाऱ्या रोगजंतूंविषयीचे मानक १९९१ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केले, २००० मध्ये सुई-सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यानुसार २००१ मध्ये मानकात सुधारणा होऊन धारदार वस्तूंच्या जखमांची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन आले. मात्र हे बंधन ज्यांना कामावरच्या दुखापतींची नियमित नोंद ठेवावी लागते त्यांच्यापुरतेच आहे, आणि डॉक्टरांचे व दंतवैद्यांचे खासगी दवाखाने त्या नियमित नोंदीतून कमी धोक्याचे व्यवसाय म्हणून वगळलेले आहेत. लस, प्रशिक्षण, सुरक्षित उपकरणे ही बाकीची बंधने त्यांनाही लागू आहेत. फक्त जखमांची यादी ठेवण्यापासून सूट आहे. लहान व्यावसायिकावर कागदांचे ओझे नको, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण अनेक ओझ्यांतून नेमके हेच का उतरवावे? प्रशिक्षणाच्या सह्यांचे कागद ठेवा, पण कोणाला काय झाले हे लिहिले नाही तरी चालेल, असा त्याचा व्यवहारात अर्थ होतो. मला विचारले असते, तर मी अगदी उलट निवड केली असती.

नियमांनी काहीच साधत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांच्याशी माझे जमत नाही. अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांना कामावर होणाऱ्या हिपॅटायटिस बीच्या संसर्गांची संख्या १९८३ मध्ये सुमारे १७,००० होती, ती १९९५ मध्ये सुमारे ४०० वर आली, असा तेथील रोगनियंत्रण केंद्रांचा अंदाज आहे. याचे श्रेय लसीचे आहे, प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य समजूनच हाताळण्याच्या पद्धतीचे आहे आणि त्याचबरोबर ती लस कर्मचाऱ्याला फुकट आणि कामावर लागल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत देऊ करण्याचे बंधन नियोक्त्यावर टाकणाऱ्या नियमाचेही आहे. लस नाकारण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला आहे, पण नाकारताना त्याने सही करायची असते आणि पुढे मन बदलले तर नियोक्त्याला लस तेव्हाही द्यावीच लागते. या तरतुदीची रचना मला फार शहाणपणाची वाटते. तिच्यात कर्मचाऱ्याच्या संकोचाचा, भीतीचा आणि नंतर येणाऱ्या समजुतीचा विचार केलेला आहे. २००१ च्या सुधारणेत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही: सुरक्षित सुया व उपकरणे निवडताना, रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या आणि व्यवस्थापनात नसलेल्या कर्मचाऱ्यांचे मत घ्यायचे आणि ते घेतल्याची नोंद करायची. उपकरण ज्याच्या हातात राहणार, त्याला ते कसे वाटते हे विचारा, एवढीच ती गोष्ट. पण सुया मागवण्याआधी सिस्टरांना चार नमुने हाताळायला दिले आहेत, असे दवाखाने मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच दिसले.

सुरक्षेच्या उपायांची एक उतरंड या क्षेत्रातल्या लोकांना पाठ असते. धोका मुळातूनच काढता येतो का हे आधी पाहायचे, मग त्याजागी कमी धोक्याचे काही आणता येते का ते, मग यंत्ररचनेत बदल, मग कामाच्या पद्धतीत, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, मुखपट्टी, चष्मा. दवाखान्यांत ही उतरंड सर्रास उलटी उभी केलेली असते. सुरक्षा म्हटले की हातमोज्यांची खोकी मागवली जातात. हातमोजे आवश्यकच आहेत, रक्ताचा स्पर्श ते टाळतात, पण पातळ रबरातून सुई सहज आरपार जाते. मुखपट्टीचेही तेच. तोंडावर सैल बसणारी साधी मुखपट्टी आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक कणांपैकी किमान ९५ टक्के गाळणारा एन-९५ श्वसनरक्षक यांतला फरक महामारीनंतरही अनेक दवाखान्यांत स्पष्ट नाही, आणि तो श्वसनरक्षक ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर नीट बसतो की नाही हे तपासून पाहावे लागते, ही गोष्ट तर बहुतेकांच्या गावीही नसते.

मी सुयांच्या डब्यावर वेळ घालवतो आहे, कारण दवाखान्यातली बरीचशी सुरक्षा त्या एका डब्याच्या जागेवर अवलंबून असते. इंजेक्शन देणाऱ्याचा एक हात रुग्णाच्या दंडावरच्या कापसावर असतो आणि दुसऱ्या हातात उघडी सुई. त्या क्षणी डबा हात लांबवला की पोहोचेल इतक्या अंतरावर आणि आतली पातळी डोळ्यांना दिसेल इतक्या उंचीवर असेल, तर सुई थेट आत जाते. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर सुई आधी ट्रेमध्ये ठेवली जाते, किंवा तिच्यावर टोपण परत बसवले जाते. टोपण बसवताना एका हाताची सुई दुसऱ्या हाताच्या बोटांकडे येते, आणि रुग्णाने मध्येच काही विचारले, दार उघडले, फोन वाजला, की ती बोटात शिरते. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने टोपण परत बसवण्यावर तत्काळ बंदी घातली ती याचसाठी. पण डबा चार पावलांवर ठेवून ही बंदी भिंतीवर लावली, तर आपण कर्मचाऱ्याला उघडी सुई घेऊन खोलीभर चालायला सांगत असतो. मग तो टोपण बसवतो, चोरून बसवतो, आणि टोचल्यावर गप्प राहतो. कारण आता जखमेबरोबर नियमभंगही कबूल करावा लागतो. चुकीच्या जागी ठेवलेल्या डब्याची जबाबदारी अशा रीतीने कर्मचाऱ्याच्या ‘निष्काळजीपणा’वर जाऊन पडते. हा शब्द मी अनेक चौकशांत ऐकला आहे. डबा तेथे कोणी ठेवला, हे विचारलेले एकदाही ऐकले नाही.

सुई टोचल्यानंतरच्या तासांचा विचार केला म्हणजे या गप्प राहण्याची खरी किंमत कळते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता, त्या रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या स्थितीनुसार, ६ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस टिकू शकतो. यांतल्या पहिल्या दोन्ही धोक्यांवर वेळेत उपाय करता येतो. हिपॅटायटिस बीविरुद्धची तयार प्रतिपिंडे आणि लस शक्यतो २४ तासांच्या आत द्यायची असतात. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर तितकी चांगली आणि ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही असे मानले जाते, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. हिपॅटायटिस सीसाठी अशी प्रतिबंधक औषधे नाहीत, पण वेळेत तपासण्या सुरू झाल्या तर संसर्ग लवकर कळतो आणि आता तो बरा करता येतो. ‘काही होत नाही’ या वाक्यात हे सगळे तास निघून जातात. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, दवाखाना बंद होताना सुई टोचली तर फोन कोणाला करायचा, औषध कोठे मिळेल, तेथपर्यंत जाण्याचा आणि तपासण्यांचा खर्च कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे दवाखान्यातल्या शेवटच्या माणसाला तोंडपाठ आहेत का? माझ्या मते सगळ्या फायलीपेक्षा ही परीक्षा अधिक खरी आहे.

येथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. लहान दवाखान्यात कर्मचाऱ्याच्या जखमेवर उपचार बहुधा तेथीलच डॉक्टर करतात. आपुलकीने करतात, फुकट करतात. पण मग त्या कर्मचाऱ्याच्या रक्ततपासणीचा निकाल त्याच्या मालकाच्या टेबलावर येतो. त्याला आधीपासून एखादा संसर्ग असेल, एखादी स्त्री गरोदर असेल आणि तिने ते अजून सांगितलेले नसेल, तर कामावर त्याचा काय परिणाम होईल, ही भीती खोटी नाही. म्हणून ही तपासणी आणि पुढचा पाठपुरावा दवाखान्याबाहेरच्या वैद्यकाकडे व्हावा, दवाखान्याला फक्त ‘आवश्यक ते उपचार झाले’ एवढेच कळावे आणि बिल दवाखान्याने भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच डॉक्टरांवर विश्वास नाही का, असे कोणी विचारील. विश्वास असला तरी पगार देणाऱ्याला नोकराचे रक्त वाचायला देऊ नये.

बाकीचे धोके मी थोडक्यात सांगतो. ते कमी महत्त्वाचे आहेत म्हणून नव्हे, तर त्यांची तऱ्हा तीच आहे म्हणून. उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड बंद खोलीत वापरल्याने दमा होऊ शकतो. ऊतींचे नमुने ठेवण्याचे फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे रसायन म्हणून वर्गीकृत आहे. आणि फरशी पुसताना ब्लीचमध्ये आम्लयुक्त द्रव मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो, हे ज्याला कोणी सांगितलेले नसते तोच फरशी पुसत असतो. क्ष-किरण तंत्रज्ञाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त असू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ती मोजणारा बिल्ला मी एका ठिकाणी सहा महिने कपाटातल्या खुंटीवर लटकलेला पाहिला. त्याचा अहवाल अर्थातच उत्तम येत असे. ही दुसऱ्या प्रकारची कोरी वहीच होती.

स्वागतकक्षातल्या मुलीचा विचार तर बहुतेक फायलींत नसतोच. वाट पाहून कंटाळलेला, दुखण्याने त्रासलेला किंवा वाईट बातमी ऐकून बाहेर आलेला माणूस आधी तिच्यावर ओरडतो, कधी टेबलावर हात आपटतो, कधी त्याच्याही पुढे जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामाच्या ठिकाणच्या हिंसाचाराविषयी २०१९ मध्ये स्वतंत्र करार केला आणि २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कामाच्या जागेला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. तरीही दवाखान्यात शिवीगाळ हा ‘पेशाचा भाग’ समजला जातो आणि तिची नोंद अपघातांच्या वहीत करावी, हे कोणाच्या मनातही येत नाही. त्या टेबलामागून बाहेर पडायला दुसरे दार आहे का, एवढे तरी बघायला हवे.

या सगळ्यावर एक भावनिक उत्तर नेहमी तयार असते: वैद्यकीय सेवा हे व्रत आहे, येथे आधी रुग्ण आणि मग आपण. या भावनेविषयी मला आदर आहे. तिच्याशिवाय हा पेशा उभाच राहणार नाही. पण महामारीत जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात सुमारे १,१५,५०० आरोग्य कर्मचारी गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, दिवे लागले. त्यांतल्या अनेकांना योग्य श्वसनरक्षक वेळेवर मिळाला नव्हता, ही गोष्ट त्या गौरवात झाकली गेली. व्रताची भाषा जेव्हा मालक कर्मचाऱ्याला ऐकवतो, तेव्हा मी सावध होतो. व्रत स्वतःच्या जोखमीवर घ्यायचे असते. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या पगारात, त्याला न विचारता घ्यायचे नसते. शिवाय रुग्णाचा आणि कर्मचाऱ्याचा धोका वेगळा काढता येत नाही. ज्या डब्यातून सुई बाहेर आली आहे, त्याच खोलीत रुग्णाचे मूलही खेळत असते.

लहान दवाखाने चालवणाऱ्यांची तक्रार मात्र मला बरीचशी रास्त वाटते. त्यांच्यावर फायलींचा भार खरोखरच आहे आणि त्यांतला मोठा भाग निरुपयोगी आहे. सुरक्षा-पुस्तिका विकत मिळतात, रिकाम्या जागी नाव भरले की झाले. अशी एक पुस्तिका माझ्या हाती आली होती, जिच्या अकराव्या पानावर दुसऱ्याच कोणत्या तरी दवाखान्याचे नाव राहून गेले होते आणि जिच्यात, नसलेल्या प्रयोगशाळेतील नसलेल्या धूरनिष्कासक कपाटाच्या देखभालीचे वेळापत्रक होते. ती तपासणीत मान्य झाली. प्रशिक्षणाच्या हजेरीचा कागद दुपारच्या सुट्टीत टेबलाटेबलावरून फिरायचा आणि न झालेल्या व्याख्यानाखाली सगळे सह्या करायचे. मीही केल्या आहेत. यातून कर्मचारी एकच गोष्ट शिकतो, की सुरक्षा म्हणजे सही. म्हणून लहान दवाखान्यांवरचा कागदांचा भार खुशाल कमी करावा. पुस्तिका रद्द करून एका पानाचा कागद ठेवावा. त्यावर त्या दवाखान्यातले खरे धोके, प्रत्येक कामाच्या माणसाचे नाव आणि सुई टोचल्यावर करायच्या फोनचा क्रमांक असावा. त्या बदल्यात तीन गोष्टींत सवलत देऊ नये: दवाखान्यात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कंत्राटदाराकडचा का असेना, हिपॅटायटिस बीची लस आणि ती लागू पडली की नाही याची तपासणी, सुई टोचल्यावर दवाखान्याबाहेर, दवाखान्याच्या खर्चाने उपचार, आणि खरी नोंदवही.

नोंदवही खरी व्हायची असेल, तर निरीक्षकाने ती उलट्या नजरेने वाचली पाहिजे. नोंदी असतील तर त्यानंतर काय बदलले हे विचारावे, आणि ज्याने लिहिले त्याला त्रास झाला नाही ना, हे त्याच्याशी एकट्याने बोलून पाहावे. नोंदी नसतील तर अधिक वेळ थांबावे. मालकाच्या खोलीत बसून फाइल वाचण्याऐवजी सफाईच्या मावशींबरोबर कचऱ्याच्या पिशवीमागे खालपर्यंत चालत जावे. पहिल्या वर्षी नोंदी वाढल्या म्हणून दंड करणारी तपासणी दुसऱ्या वर्षी पुन्हा ‘निरंक’ वही मिळवते, हे निरीक्षकांच्या वरिष्ठांनाही समजावून सांगावे लागेल, कारण त्यांच्या अहवालात ‘अपघात वाढले’ हे वाक्य चांगले दिसत नाही.

मी शेवटी ज्या दवाखान्यात काम केले, तेथे आम्ही वही ऑफिसच्या कपाटातून काढून ड्रेसिंगच्या खोलीत दोरीला पेन बांधून टांगली आणि नाव लिहिण्याची सक्ती काढून टाकली. तीन आठवडे ती कोरीच राहिली. चौथ्या आठवड्यात पहिली नोंद झाली, आणि ती जखमेची नव्हती. ओळीच्या वर-खाली जाणाऱ्या अक्षरांत लिहिले होते: ‘खोली दोन. डबा भरला. झाकण बसत नाही.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीची तारीख आणि सिस्टरांच्या अक्षरात, ‘बदलला. नवे डबे आता खालच्या फळीवर, कुलूप नाही.’